बाळाच्या वाढीत कुठे धीर धरावा, कुठे धरू नये

बारसं उरकतं आणि चौकशा सुरू होतात. हसतं का? ओळख देतं का? मान धरली का? ओळखीत कुणाकडे त्याच आठवड्यात जन्मलेलं बाळ असेल तर विचारायलाच नको. ते पालथं पडल्याचा फोटो आला की इकडे आईच्या जिवाला घोर. भरीस भर म्हणून फोनमधलं अ‍ॅप दर आठवड्याला कळवत असतं की तुमच्या बाळाला आता अमुक जमायला हवं. घरातल्या वडीलधाऱ्यांचं उत्तर मात्र ठरलेलं असतं: ‘करेल हळूहळू. ह्याचा बापही उशिराच चालला होता.’

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. घोटाळा होतो तो सगळ्या गोष्टींना एकच माप लावल्याने. पालथं पडणं, बसणं, रांगणं, चालणं या हालचालींच्या बाबतीत आजी बहुतेक वेळा बरोबर असते. नजर, कान आणि हसणं यांच्या बाबतीत मात्र ‘करेल हळूहळू’ महागात पडू शकतं. पहिल्या सहा-सात महिन्यांत कुठे थांबायचं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही, एवढं आई-बाबांनी मनाशी पक्कं केलं तर ते अ‍ॅप काढून टाकलं तरी काही बिघडणार नाही.

हालचालींची मुदत ऐसपैस असते

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ निरोगी मुलं. भारतातली मुलं दिल्लीची होती. प्रशिक्षित कार्यकर्ते ठरावीक काळाने घरी जाऊन प्रत्येक मुलाला काय जमतं ते स्वतः पाहत आणि नोंदवत. आधाराशिवाय बसणं कुणाला चौथ्या महिन्याच्या आतच जमलं, कुणाला नऊ महिने उलटून गेल्यावर. नेमका आकडा ३.८ ते ९.२ महिने. कुणाचाही हात न धरता चालण्याची मुदत तर ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेली. म्हणजे एक मूल पहिल्या वाढदिवसाला घरभर पळत असतं, दुसरं दीड वर्षाचं व्हायला आलं तरी भिंत सोडत नाही, आणि दोन्ही मुलं ठणठणीत. त्यातली शंभरात चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही मुलं बुडावर सरकतात, काही लोळत लोळत हव्या त्या ठिकाणी पोहोचतात, काही सरळ उभीच राहतात.

अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये पालकांसाठीची आपली यादी नव्याने केली, तेव्हा त्यातून रांगणं काढूनच टाकलं. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा होता. जुन्या याद्यांमध्ये साधारण निम्म्या मुलांना त्या वयात जमणाऱ्या गोष्टी असत. सरासरीचा अर्थच असा की उरलेली निम्मी मुलं तिच्या मागे असणार. मग निम्म्या आया विनाकारण घाबरायच्या आणि डॉक्टरही सवयीने ‘पाहू अजून थोडे दिवस’ म्हणायचे. नव्या यादीत त्या वयाच्या चारपैकी किमान तीन मुलांना जे जमतंच, तेवढंच ठेवलं आहे. म्हणून तुमच्या हातात येणारा कुठलाही तक्ता सरासरी सांगतो आहे की उशिरात उशिराची मर्यादा, हे आधी पाहा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ते लिहिलेलंच नसतं.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या नोंदी घेऊन मोजमापाची पद्धत बसवली. ‘डॅसी’ या नावाने ती विकासतज्ज्ञ आजही वापरतात आणि ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांची तपासणी तीवरून करतात. तिरुअनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरने त्यापेक्षा सोपा, अवघ्या १७ बाबींचा तक्ता तयार केला. तो आरोग्यसेविकेलाही पाच-सात मिनिटांत वापरता येतो. असा तक्ता वापरताना बाळाच्या वयावर पट्टी उभी धरायची आणि पट्टीच्या डावीकडचं सगळं बाळाला जमतं का, तेवढं पाहायचं.

पण वय धरायचं कुठून? सातव्या-आठव्या महिन्यात झालेल्या बाळांच्या घरी निम्मी काळजी या एका हिशोबातून येते. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं. ते आज चार महिन्यांचं असेल तर वाढीच्या हिशोबाने दोन महिन्यांचंच, आणि त्याने आताशी कुठे नीट हसायला लागणं अगदी योग्य. हा वजावटीचा हिशोब दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचा. लसींना मात्र वजावट नाही. त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल आणखी एक गोष्ट, आणि इथे एका दिवसाचाही उशीर नको. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासायलाच हवा. २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढण्याचा हा आजार वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने आटोक्यात येतो. उशीर झाला तर दृष्टी जाते. बाहेरून डोळे अगदी छान दिसत असतात. काचेच्या पेटीतून बाळ घरी आल्याच्या आनंदात ही तारीख हमखास विसरली जाते, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ती लिहिली आहे का ते तिथेच उभं राहून पाहा.

दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी

रोज बाळाची परीक्षा घेऊ नये. सोपा मार्ग असा की लसीचा दिवस धरावा: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. त्या दिवशी डॉक्टरकडे जायचंच असतं, कार्ड हातात असतंच. आदल्या संध्याकाळी बाळ दूध पिऊन खुशीत असताना दहा मिनिटं शांतपणे त्याच्याकडे बघत बसा.

दीड महिन्याला पाहायचं ते हसणं. नवजात बाळ झोपेत हसतं, ओठ मुडपतं, मध्येच रडवेलं होतं. घरात म्हणतात, सटवाई हसवते आणि सटवाईच रडवते. ते हसणं गोड असलं तरी त्याचा समोरच्या माणसाशी संबंध नसतो. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास दुसरं हसू येतं: बाळ जागं आहे, तुमच्या चेहऱ्याकडे बघतं आहे, तुम्ही बोललात आणि त्याचा चेहरा फुलला. या एका हसण्यात किती गोष्टी एकदम तपासल्या जातात पाहा. त्याला दिसतं आहे, दिसलेला चेहरा त्याला हवासा वाटतो आहे, आणि चेहऱ्याचे स्नायू त्याचं ऐकत आहेत. म्हणून पूर्ण दिवसांचं बाळ तीन महिन्यांचं झालं तरी समोर बघून हसत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळे गंभीरच आहेत’ असा विनोद करून सोडून देऊ नका. दाखवा.

नजरेचं असं आहे की जन्मतः बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, पलीकडचं सगळं धूसर. अंगावर पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. तेव्हा खोलीच्या दारातून ‘अले अले’ करणाऱ्या काकाला बाळाने भाव दिला नाही तर त्याने वाईट वाटून घेऊ नये, जवळ यावं. दीड-दोन महिन्यांचं बाळ चेहऱ्यावर नजर ठरवतं, चेहरा हळूहळू बाजूला नेला की थोडं अंतर डोळ्यांनी त्याच्या मागे येतं. तीन महिन्यांपर्यंत हे व्हायलाच हवं. पाळण्यावर टांगायच्या चिमणाळ्याचे रंग ठळक असावेत आणि ते बाळाच्या नाकासमोर टांगण्याऐवजी छातीच्या वर टांगावं, म्हणजे डोळे ताणावे लागत नाहीत आणि पुढे हात मारायलाही सोयीचं पडतं. पहिले दोन-तीन महिने डोळे मधूनच तिरळे झाल्यासारखे वाटतात, ते चालतं. चार महिन्यांनंतरही वाटत असतील, किंवा एक डोळा सुरुवातीपासून कायमच तिरका असेल, तर दाखवावं. फोनच्या फ्लॅशमध्ये एका बाहुलीत लाल ठिपक्याऐवजी पांढरट चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा. मोतिबिंदू असू शकतो, डोळ्यातली गाठ असू शकते, आणि दोन्हींत वेळेला फार किंमत आहे. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. काही काजळांत शिसं सापडतं आणि बोटाने जंतू जातात ते वेगळंच. दृष्टीचा तीट लावायचाच असेल तर तो तळपायाला लावावा, डोळ्यात काही घालू नये.

कानाची परीक्षा घरात होत नाही

अडीच महिन्यांच्या आसपास बाळ बोलायला लागतं. शब्द नसतात, हुंकार असतात, ‘अगू’, ‘ऊं’. त्या वेळी मोठ्यांनी एक शिस्त पाळावी: बाळ हुंकारलं की त्याच्याकडे बघून उत्तर द्यायचं आणि मग गप्प बसायचं. पाच-दहा सेकंद. बाळाला उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या प्रेमळ माणसांना नेमकं गप्प बसणंच जमत नाही. खुळखुळा, टाळ्या, टीव्ही आणि तीन आत्या असं सगळं एकदम चालू असलं की बाळ तोंड फिरवतं. त्याला पुरे झालंय, इतकाच त्याचा अर्थ.

या हुंकारांनी एक फसगत होते. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकारतं, खिदळतं, आवाज काढतं. तोवरचे आवाज ऐकून शिकलेले नसतात. फरक पडायला लागतो तो सहाव्या महिन्याच्या पुढे, जेव्हा इतर बाळं ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ ओवू लागतात आणि हे बाळ मागे पडतं, हळूहळू शांत होतं. तोवर घरच्यांची खात्री झालेली असते की कान उत्तम आहेत, कारण थाळी वाजवली की ते दचकतं. थाळी वाजवणाऱ्याचा हात त्याला दिसतो. टाळीने हवा हलते, दार आपटलं की पलंग हादरतो. काही बाळांना मोठे आवाज येतात आणि बोलण्याचे येत नाहीत. थाळी-टाळीच्या परीक्षेवर विसंबू नका.

‘ओएई’ नावाची तपासणी असते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बूच ठेवतात आणि काही मिनिटांत आटोपतं. टोचणं नाही, औषध नाही. ती पहिल्या महिन्यात व्हावी, शंका आलीच तर ‘बेरा’ ही पुढची तपासणी होऊन तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान पक्कं व्हावं आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्रासारखे उपचार सुरू व्हावेत, असा एक-तीन-सहाचा नियम जगभर पाळतात. बाळ पाचपेक्षा जास्त दिवस अतिदक्षता विभागात राहिलं असेल, काविळीसाठी रक्त बदलावं लागलं असेल, घराण्यात जन्मतः बहिरेपणा असेल किंवा आई-वडिलांचं लग्न नात्यातलं असेल, तर ही तपासणी टाळूच नये. अतिदक्षता विभागातून आलेल्या बाळाची ‘बेरा’च करावी, कारण काही प्रकारचा दोष ‘ओएई’मध्ये पकडला जात नाही. सगळ्याच प्रसूतिगृहांत ही तपासणी आपणहून होते असं नाही. विचारावं लागतं.

ऐकणाऱ्या बाळाच्या डोक्यात काय चाललेलं असतं याचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतला फरक कळत होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र तो सहसा कळत नाही! दहा-बारा महिन्यांपर्यंत बाळांचीही ती जाण ओसरली, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात राहणाऱ्या मराठी आई-बाबांनी हे लक्षात ठेवावं. घरात मराठी बोलल्याने बाळ उशिरा बोलत नाही. दोन भाषा ऐकणारी मुलं त्यामुळे मागे पडत नाहीत. उलट पहिल्या वर्षातच ‘ट’ आणि ‘त’ कानावर पडले तर फुकटात टिकतात.

मान, मूठ आणि आंघोळ

साडेतीन महिन्यांच्या लसीला मान पाहायची. खांद्यावर उभं धरल्यावर ती डुगडुगत नाही, पालथं घातल्यावर बाळ कोपरांवर जोर देऊन छाती उचलतं. बहुतेकांना हे तीन ते चार महिन्यांत जमतं. पाच महिने संपले आणि मान अजून लटकत असेल तर दाखवावं. हात धरून ओढून मान तपासण्याचा प्रयोग घरी करू नका, तो डॉक्टरांवर सोपवा. याच सुमाराला मुठी उघडतात, बाळ स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून बघत राहतं, दोन्ही हात छातीशी एकत्र आणतं. चार महिन्यांनंतरही अंगठा आत घेऊन मुठी घट्टच मिटलेल्या असतील तर ते सांगावं.

मान धरायला स्नायू लागतात आणि स्नायूंना सराव लागतो. झोपेत बाळाला उताणंच ठेवायचं, हा नियम पक्का. झोपेत अचानक होणारे मृत्यू त्याने कमी झाले. उशी नको, मोहरीचीही नको. मात्र जागेपणी पालथं घालायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे, अजून सरकता न येणाऱ्या बाळाला दिवसाकाठी एकूण किमान अर्धा तास, तुकड्या-तुकड्याने. सुरुवात दोन-तीन मिनिटांची. दूध पिऊन लगेच नको, आणि बाळाला सोडून फोन घ्यायला जायचं नाही. जमिनीवर घातलं की भोकाड पसरणारी बाळं बाबांच्या छातीवर पालथी बरी राहतात. बाबांनी जरा रेलून बसावं, म्हणजे चेहरा बघायला बाळ आपोआप मान उचलतं.

खरं तर आपल्याकडे हा सराव आंघोळीतच होत आला आहे. पाटावर पाय लांब करून बसलेली आजी किंवा मालीशवाली बाई बाळाला नडग्यांवर पालथं घालते, पाठीवर तेल जिरवते, ऊन पाणी घालते. रोजची पाच-सात मिनिटं पालथं राहणं झालंच की! शिवाय कातडीला स्पर्श, कानावर गाणं, डोळ्यांसमोर चेहरा. ही पद्धत जरूर चालू ठेवावी. फक्त नाका-कानात तेल सोडणं, नाक चिमटून सरळ करणं, टाळूवर जोर देणं आणि पाय धरून उलटं लटकवणं, हे प्रकार बंद. आंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळतानाही पाय सरळ ताणून आवळू नयेत. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले, फाकलेले राहायला हवेत. ताणून बांधल्याने खुब्याचा सांधा जागेवरून सरकू शकतो. पायाळू बाळांत तो धोका मुळातच जास्त, म्हणून त्यांच्या खुब्यांची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या सुमारास करून घेतात.

झोळी आणि बाउन्सर यांचं म्हणाल तर थोडा वेळ ठीक. जागं बाळ एका जागी अडकून एका वेळी तासाभरापेक्षा जास्त राहू नये. गोधडी जमिनीवर पसरा आणि त्यावर त्याला सोडा, बस्स. महागडी खेळणी आणून त्यात भर पडत नाही.

आणि वॉकर कृपा करून घेऊ नका, भेट आला तरी परत करा. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, ती उगाच नाही. मूल त्यात बसून चवड्यांवर रेटतं, जिन्याकडे किंवा शेगडीकडे मोठ्या माणसाच्या आधी पोहोचतं आणि चालायला लवकर तर शिकत नाहीच. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा होता. त्यात बसायची सोय नव्हती. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलायचं.

सहाव्या महिन्यात गोष्टी भराभर घडतात. दोन्ही बाजूंना वळणं, खुळखुळा या हातातून त्या हातात घेणं, सगळं तोंडात, आधाराने बसणं, अनोळखी माणसाला बघून बावरणं. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करून वरचं अन्न सुरू करायचं. मान पक्की आणि आधाराने बसता येणं या त्याच्याच पूर्वअटी. दात आले नाहीत म्हणून अडून बसू नये. दातांचा आणि बुद्धीचा काही संबंध नाही.

जिथे आठवडाही थांबायचं नाही

पहिली गोष्ट, येत असलेलं जाणं. हसणारं बाळ हसेनासं झालं, मान धरलेली पुन्हा लुळी पडली, तर त्याला दुसरं कुठलंही स्पष्टीकरण न देता डॉक्टर गाठा. आपल्याकडे याचं एक कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे असतं. आई शाकाहारी, दूध-दहीही बेताचंच खाणारी, आणि बाळ बराच काळ फक्त अंगावरच्या दुधावर. अशा बाळात सहाव्या महिन्याच्या पुढे मंदपणा येतो, केस विरळ आणि भुरे होतात, बोटांच्या पेरांवर काळपटपणा दिसतो, कधी हात-मान थरथरतात. उपचार साधा आहे, पण वेळेत हवा. शाकाहारी आईने गरोदरपणातच आपलं बी-१२ तपासून घेतलेलं बरं.

दुसरी गोष्ट ओळखायला अवघड. चार ते आठ महिन्यांच्या काही बाळांना, बहुधा झोपेतून उठल्या-उठल्या, झटके येतात. मान पटकन पुढे झुकते, हात फेकले जातात, अंग दुमडतं, क्षणभराचंच. मग काही सेकंदांनी पुन्हा, पुन्हा, अशी रांग. घरात वाटतं पोट दुखतंय किंवा दचकतंय. दचकण्याला आवाज, धक्का असं काहीतरी निमित्त असतं आणि सहाव्या महिन्यापर्यंत ती सवय जाते. निमित्त नसताना ओळीने येणारे हे झटके फिटचे असू शकतात. फोनवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा. मेंदूचा आलेख काढून निदान होतं. गुटी उगाळत बसायची ही वेळ नव्हे.

तिसरी, बाळाचं अंग उचलताना निसटेल इतकं ढिलं किंवा लंगोट बदलताना पाय फाकत नाहीत इतकं ताठ असणं. आणि एकच हात वापरणं. पहिल्या वर्षात बाळ डावखुरंही नसतं, उजवंही नसतं. पाच-सहा महिन्यांचं बाळ एकाच हाताने सगळं घेत असेल तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते पाहायला हवं.

बाळाइतकीच आईची नजरही पाहा. तीच दिवसभर रडवेली असेल, बाळाकडे बघून तिला काहीच वाटेनासं झालं असेल, तर ‘बाळंतपणात होतं असं’ म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य उपचारांनी बरं होतं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

शंका आली तर जायचं कुठे? घरी येणारी आशाताई हा सगळ्यात जवळचा रस्ता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्या धर्तीवर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी येते आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यातही भेटी असतात. तिला चहा देऊन दारातून वाटेला लावू नका, बाळ तिच्या हातात द्या. माता बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तक्त्याखेरीज वाढीच्या टप्प्यांची चित्रंही असतात; ती पानं सहसा कोरी राहतात, तेवढी तिच्यासोबत बसून भरा. पुढची तपासणी लागली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवणतज्ज्ञ एका छपराखाली भेटतात आणि पैसे पडत नाहीत. खाजगी डॉक्टरकडे जाणाऱ्यांनाही तिथे जाता येतं.

जाताना डिस्चार्जचा कागद, कार्ड आणि दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या: बाळ पालथं असताना, कुणीतरी त्याच्याशी बोलत असताना, आणि जे खटकलं ते. दवाखान्यात बाळ हमखास झोपतं नाहीतर रडतं, तेव्हा घरातल्या त्या अर्ध्या मिनिटात डॉक्टरांना बरंच काही दिसतं. आणि डॉक्टरांनी ‘थांबू’ म्हटलं तर एवढंच विचारा, की कधीपर्यंत, आणि तोवर कोणती गोष्ट दिसली नाही तर परत यायचं. तारीख कार्डावर लिहून घ्या.